ज्यानं ब्रेक उघडला

बाबांनी नर्सबाईंसमोर हात जोडले तेव्हा मी त्यांच्या मागेच उभी होते. खरं तर हात मी जोडायला हवे होते. पण आमच्या घरात मुलीच्या चुकीची माफीसुद्धा बापच मागतो, मग मुलगी कितीही मोठी होवो.

"पोरीचा पाय जड आहे हो," ते म्हणाले. "आधीपासूनच. शिकवलं, रागावलो, पण पाय काही हलका झाला नाही. मोठ्या मनानं माफ करा तिला."

पोरगी म्हणजे मी. चाळिशीला टेकलेली, जीपच्या दारातून जरा तिरकं होऊन आत शिरावं लागतं अशा बांध्याची, आणि तरी बाबांच्या तोंडी अजून 'चिमणी'. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर ज्यांना गाडी हाकावी लागते त्यांना, म्हणजे रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर, जंगलखात्याची माणसं, विजेच्या तारा जोडणारे, अशांना मी खडा उतार कसा उतरायचा ते शिकवते. निदान परवापर्यंत शिकवत होते. नर्सबाई माझ्याच तुकडीतल्या. दवाखान्याची गाडी कधी स्वतः चालवायची वेळ आली तर अडायला नको म्हणून शिकायला आलेल्या. आता त्यांचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि ते माझ्या शेजारी बसल्यामुळे.

"असू द्या हो काका," त्या म्हणाल्या. "मुद्दाम थोडंच केलं त्यांनी?"

हे 'मुद्दाम थोडंच' मला फार लागलं. म्हणजे केलं मीच, फक्त मुद्दाम नाही. आसपास आमच्या गाडी शिकवायच्या मैदानावरचे सगळे होते, बाकीचे शिक्षक, शिकाऊ, फाटकावरचा रखवालदार. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि न बघण्यासाठी त्यांना बरेच कष्ट पडत होते. माझे कान तापले. शिंगं फुटण्याच्या वयात बाबांनी शेजाऱ्यांच्या फुटलेल्या काचेची अशीच माफी मागितली होती, तेव्हा निदान काच मी फोडलेली होती याची मला खात्री होती.

या वेळी खात्री नव्हती, हीच तर पंचाईत होती.

झालं होतं ते असं. मी उतारावर निघाले होते, नर्सबाई शेजारी. पुढच्या गाडीतल्या शिकाऊनं घाबरून वळणावर गाडी मधेच बंद पाडली. मी ब्रेकवर पाय मारला. जुनी जीप आहे, चाकं अडकू नयेत म्हणून कॉम्प्युटर लक्ष ठेवतोय वगैरे लाड तिच्यात नाहीत. पुढचं डावं चाक जागच्या जागी अडकलं, गाडीचं नाक डावीकडे फिरलं आणि आम्ही दरडीवर जाऊन आदळलो. माझ्या बाजूला काही नाही. नर्सबाईंच्या बाजूचं दार आत आलं.

त्याच संध्याकाळी बाबांनी डावं चाक खोललं. आमच्या मैदानाचे मेकॅनिक तेच. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मैदान चालवणारे साहेबसुद्धा. त्यांनी डावीकडचा कॅलिपर, म्हणजे चाक आवळून थांबवणारा ब्रेकचा जबडा, सोडवून पुसला, ब्रेक पॅड उजेडात धरून पाहिले, डिस्कवरून नजर फिरवली. मग गाडी वर्कशॉपच्या अंगणात हळूहळू चालवून हळूच थांबवली. गाडी शहाण्या मुलासारखी सरळ थांबली. परत चालवली, परत थांबली.

"गाडीत काही दोष नाही," त्यांनी साहेबांना सांगितलं, माझ्यादेखत.

साहेब सज्जन माणूस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. "उस्ताद म्हणतात गाडी ठीक आहे, म्हणजे मग..." असं म्हणून वाक्य तिथंच सोडलं. पुढचं मला पूर्ण करता येत होतं. उतारावरचं शिकवणं कुणाकडे द्यायचं हे ते माफी मागून झाल्यावर, म्हणजे आज दुपारी, सांगणार होते. मैदानावर सपाटीवरचं शिकवणारे पुष्कळ आहेत. तिथं गाडी सुरू कशी करायची आणि आरशात कसं बघायचं ते शिकवतात. उतारावर मी एकटी. तो गेला तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही, आणि हे माझ्याइतकंच बाबांनाही ठाऊक होतं. मला तो उतार त्यांनीच शिकवला होता.

रात्रभर मी माझा उजवा पाय आठवत होते. जोरात मारला होता का? मारला होता. त्यापेक्षा हळू मारता आला असता का? पुढे गाडी आडवी उभी असताना? माहीत नाही. सकाळी आई बाबांच्या शर्टाची बटणं लावून देत होती आणि ते दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते. हल्ली ते तसाच पितात. आई म्हणते, हात गार पडतात. एरवी मी म्हटलं असतं, "लाडोबा झालात बाबा." आज माझं थट्टा करायचं तोंड नव्हतं.

"बाबा, उजवं चाक पाहिलंत का?" मी विचारलं.

"अडकलं डावं," ते कपातूनच म्हणाले. "उजवं कशाला बघू? चिमणे, गाडीवर ढकलू नकोस. चूक होते माणसाकडून. मान्य केली की लोक विसरतात."

आणि मग आम्ही येऊन माफी मागितली, ते सांगितलंच.

माफीचा कार्यक्रम उरकल्यावर बाबा वर्कशॉपमध्ये गेले नाहीत. स्टोअरमध्ये काहीतरी आणायचं आहे म्हणून निघून गेले. मी उतारावर गेले. कशाला, ते मलाही नीट माहीत नव्हतं. कदाचित माणसं नसलेली जागा तेवढीच होती म्हणून.

दरडीवर जीपच्या निळ्या रंगाचे ओरखडे होते. मी तिथून उलटी वर चढत गेले. डावीकडच्या चाकानं मुरमात खोल चर पाडला होता. चाक अडकून घसटत गेलं की असाच पडतो, नांगरल्यासारखा. त्याच्या शेजारी उजव्या चाकाची खूण होती, आणि ती बघून मी खाली बसले.

उजवीकडे चर नव्हता. तिथं टायरच्या नक्षीचा ठसा उमटला होता, एकेक चौकट वेगळी दिसावी इतका स्वच्छ. सपाटीवर फिरायला निघाल्यासारखं ते चाक आरामात फिरत खाली आलं होतं. मी ब्रेकवर जीव खाऊन उभी असताना.

मी आणि बाबा, आणि मैदानावरचे सगळे शहाणे, डाव्या चाकाला बोल लावत होतो. त्यानं थांब म्हटल्यावर थांबायचं काम केलं होतं. काम चुकवलं होतं उजव्यानं. ज्याचा आवाज होतो त्याच्याकडे सगळे बघतात, गप्प बसणाऱ्याला कोण विचारतो? मला इतका राग आला की मी त्या सुंदर ठशाला लाथ मारणार होते. मग वाटलं, नको, हा पुरावा आहे.

वर्कशॉपमध्ये मी जीपचा पुढचा भाग जॅकवर उचलला, खाली घोड्या लावल्या आणि पुढची दोन्ही चाकं अधांतरी केली. आता ब्रेक दाबायला कुणीतरी हवं होतं. एका शिक्षकाला हाक मारली तर त्याला अचानक महत्त्वाचं काम आठवलं. तेवढ्यात नर्सबाई आल्या. गाडीत राहिलेली त्यांची पिशवी त्यांना न्यायची होती.

माझी मान आपोआप खाली गेली. "तुम्हाला कसं सांगू..." मी सुरू केलं.

"माफी नको," त्या म्हणाल्या. "काकांनी मागितली तेवढी पुरे झाली. मला तर त्यांचीच दया आली. तुम्ही काय करताय?"

मी सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. "माझा हात मोडलाय, पाय शाबूत आहे. कुठं दाबायचं?"

त्या ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या. मी आधी डावं चाक हातानं जोरात फिरवलं आणि म्हटलं, "मारा." चाक खाडकन थांबलं. मग उजवं फिरवलं. "मारा." त्यांनी तसाच पाय मारला. चाक फिरत राहिलं, सुस्तावलं, आणि मग, आपल्याला काहीतरी सांगितलंय हे उशिरा आठवल्यासारखं, थांबलं.

"आता हळूहळू दाबा."

हळू दाबल्यावर दोन्ही चाकं अगदी सारखी थांबली. म्हणजे हळू पाय ठेवला की दोष लपतो. बाबांनी अंगणात गाडी हळू चालवून हळूच थांबवली होती. दोष दिसणार कुठून? तो जड पायालाच दिसतो.

"म्हणजे तुमचा पाय..." नर्सबाई वरून वाकून बघत म्हणाल्या.

"थांबा, इतक्यात नको," मी म्हटलं. मला आशा धरायची भीती वाटत होती.

मी डावीकडच्या कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल सैल केला आणि त्यांना दाबायला सांगितलं. ब्रेक ऑइलची पिचकारी उडून माझ्या बाहीवर आली. उजवीकडचा सैल केला. तिथून ऑइल सर्दी झालेल्या नाकासारखं गळलं. म्हणजे उजवीकडे ऑइल पोचतच नव्हतं, निदान वेळेवर नाही. मग उजवीकडचा रबरी होज लोखंडी नळीपासून सोडवला. नळीतून ऑइल फसकन आलं. याचा अर्थ नळीपर्यंत सगळं ठीक. अडत होतं ते त्या हातभर रबरात.

होज वरून ठणठणीत होता. दोन्ही होज यंदाच बदललेले, त्यावरची कारखान्याची पिवळी रेघसुद्धा पुसली नव्हती. मी तो उजेडाकडे नेला, हातात फिरवला, आणि मधोमध मला दात दिसले. रबरावर आडवे उमटलेले, बारीक, एका ओळीत, समोरासमोर. कुणीतरी चावल्यासारखे.

मी सुरीनं होज उभा चिरला. आतला थर फाटून त्याची एक लहानशी जीभ आत लोंबत होती. ऑइल जोरात आलं की ती जीभ उभी राहून वाट अडवायची. सावकाश आलं की बाजूनं झिरपू द्यायची.

"सापडलं?" नर्सबाईंनी विचारलं.

"सापडलं," मी म्हटलं, आणि मला हसूच फुटलं. मोठ्यानं, अगदी शाळकरी. माझा पाय जड नव्हता. म्हणजे जड होता, पण जड पाय पडल्यावर गाडीनं सरळ थांबायला हवं होतं, ब्रेक त्यासाठीच असतात. परवापासून छातीवर बसलेला धोंडा उतरला.

आणि मग ते दात कुणाचे आहेत ते मला कळलं.

कॅलिपर सोडवला की होजमधून ऑइल गळतं. बाकीचे मेकॅनिक खाली डबा धरतात. बाबा डबा धरत नाहीत. ते ग्रिप पक्कड घेतात, ती जबडा आवळला की तशीच अडकून राहते, आणि तिनं होज चिमटून ठेवतात. काम होईपर्यंत एक थेंब पडत नाही. "थेंब सांडला की समजावं कारागीर कच्चा," असं ते प्रत्येकाला सांगतात. जबड्यात कापडाची घडी घालून, बेताचं आवळायचं, रबराला कळतासुद्धा कामा नये, हेही सांगतात. त्यांच्या वर्कशॉपची फरशी बघायला दुसऱ्या मैदानांवरची माणसं आलेली आहेत. थोड्याच दिवसांपूर्वी उजव्या कॅलिपरचं सील बदललं ते बाबांनी. हात दुसऱ्या कुणाचा लागलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट. मैदानावर एक नियम आहे. ज्यानं ब्रेक उघडला, त्यानं पहिल्या उताराला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. आपल्या कामावर आपला जीव लावायचा. नियम बाबांनीच घातलेला, साहेबांच्याही आधीचा. पण सील बदलल्यावर ते बसले नव्हते. "गुडघा दुखतोय, तू जा. माझं काम आहे ते, तुला ठाऊक नाही का?" म्हणाले. मी शेजारी माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवून गेले. पोत्याला जपून नेतात तशी हळूहळू गेले आणि हळूच थांबले.

मी हसले होते याची मला आता लाज वाटायला लागली. बापाची चूक हातात घेऊन मी दात काढत होते. होज लपवावा असं मनात आलं. नवा बसवावा, जुना कुठेतरी फेकून द्यावा, 'हवा शिरली होती' म्हणून सांगावं. नर्सबाई गाडीतून उतरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या गळ्यातल्या पट्टीकडे पाहिल्यावर मला तेही करवेना.

"चिमणे, हे काय मांडलंयस?"

बाबा दारात उभे होते. अधांतरी चाकं, फरशीवरचं ऑइल, माझ्या हातातला चिरलेला होज, त्यांनी सगळं बघितलं. जो माणूस चाळीस गाड्यांच्या गर्दीत आवाजावरून गाडी ओळखतो, त्याला सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी हात पुढे केला. मी होज दिला. त्यांनी त्या दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग होज डोळ्यांजवळ नेला आणि तिथंच धरून ठेवला.

मला वाटलं होतं, ते मला रागावतील, तू गाडीवर ढकलतेस म्हणतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"साहेबांकडे जाऊ," एवढंच ते म्हणाले.

साहेबांच्या खोलीत आम्ही दोघं खुर्चीवर बसलो नाही. बाबांनी होज टेबलावर ठेवला, चिरलेली बाजू वर आणि दातांची खाली.

"दोष सापडला, साहेब. उजवीकडचा होज आतून फाटलाय. उजवं चाक धरतच नव्हतं, म्हणून सगळा भार डाव्यावर आला." ते थांबले. "जुना झाला होता होज."

पिवळी रेघ टेबलावर लख्ख दिसत होती. साहेबांना गाड्यांतलं फारसं कळत नाही, ते हिशेबातले माणूस आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जुना होता?"

बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या कॉलरचं बटण आईनं चुकीच्या काजात लावलं होतं, आणि ते सकाळपासून तसंच हिंडत होते, नर्सबाईंसमोरही.

"हो," मी म्हटलं. "जुना होता."

"बरं," साहेब म्हणाले. ते थोडा वेळ होजकडे बघत राहिले. "पण मग रोज सकाळी निघण्याआधी गाडीचे होज, नळ्या बघायच्या असतात ना? ते काम कुणाचं?"

हे मला सुचलंच नव्हतं. बाबांनाही सुचलं नव्हतं, त्यांची मान झटकन वळली त्यावरून कळलं.

"माझं," मी म्हटलं.

"तुमच्याच नजरेतून सुटलं म्हणजे."

"हो."

"मला वाईट वाटतं," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण माणूस जखमी झालंय. काही दिवस तुम्ही सपाटीवरचं शिकवा. उताराचं मी बघतो दुसऱ्या कुणाकडे देता येतंय का."

आम्ही बाहेर आलो. मी भराभर चालायला लागले, कारण रडू आलं तर ते निदान वर्कशॉपच्या मागे यावं. मागे बाबांच्या चपलांचा आवाज येत होता, मग तो थांबला. मी वळून पाहिलं. ते मधेच उभे होते, आवाराच्या मध्यावर, जिथं सकाळी त्यांनी हात जोडले होते.

"बाबा, चला."

"तू म्हणालीस कशाला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात म्हणून."

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मारल्यावर मुलाचा होतो तसा झाला, आणि मारलं मी नव्हतं. त्यांनी पँटच्या मागच्या खिशात हात घातला. ती पक्कड कायम तिथं असते, त्यांच्या सगळ्या पँटी त्याच जागी फाटलेल्या आहेत. ती त्यांना लवकर काढता येईना. काढली, आणि ते आल्या वाटेनं परत गेले. मी मागे गेले नाही. पण खोलीचं दार उघडंच होतं.

"साहेब, मघाशी खोटं बोललो," बाबांचा आवाज आला. मग लोखंड टेबलावर ठेवल्याचा आवाज. "होज नवा होता. ही पक्कड लावून मी तो चिमटला. खुणा जुळवून बघा. ते तिला दिसणं शक्य नव्हतं, दोष आतून होता. आणि नंतर उताराला शेजारी बसायला हवं होतं मी, ते बसलो नाही. तेव्हाच कळलं असतं."

साहेबांचा आवाज हळू होता. "इतका जोर कसा लागला, उस्ताद? तुम्हाला?"

पक्कड टेबलावर थोडी पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"लागला," बाबा म्हणाले. "आणि पोरीची माफी मी सगळ्यांसमोर मागितलीय. माझी पण सगळ्यांसमोरच मागायला लागेल."

मागितली. त्याच जागी उभं राहून, त्याच लोकांसमोर, नर्सबाईंपुढे. मी या वेळी मागे उभी राहिले नाही, शेजारी राहिले. सकाळपेक्षा मला जास्त लाज वाटत होती. स्वतःची सहन होते, लपवता येते, घरी नेता येते. बापाची लाज उन्हात उभी असलेली बघताना तिच्यावर काय पांघरावं हेच कळत नाही. नर्सबाईंनी आपल्या चांगल्या हातानं बाबांच्या कॉलरचं बटण सोडवलं आणि योग्य काजात लावलं, रोज पेशंटचं लावतात त्या सफाईनं. बाबांनी लावू दिलं.

नवा होज मी बसवला. बाबा भिंतीला टेकून बघत होते, हात खिशात. सवयीनं मी आधी पक्कड शोधली, मग डबा शोधायला लागले.

"सांडू दे," ते म्हणाले.

सांडलं. त्यांच्या त्या फरशीवर ऑइलचं चांगलं थाळीएवढं डबकं झालं. त्यांनी ते पाहिलं. हवा काढून झाली, चाकं चढवली, गाडी खाली घेतली. मी पेडल दाबून पाहिलं, घट्ट होतं. आता पहिला उतार.

मी शेजारच्या जागेवर ठेवायला वाळूचं पोतं ओढत आणलं, तर तिथं बाबा चढत होते. दार आत आलेलं, ते जेमतेम उघडत होतं. गुडघ्याला काही झालेलं मला तरी दिसलं नाही.

"या वेळी ब्रेक मी उघडलाय," मी म्हटलं. "तुम्हाला बसायची गरज नाही."

"मागच्या वेळचं राहिलंय," ते म्हणाले.

मी पट्टा त्यांच्या अंगावरून घेऊन अडकवला. उतारावर गाडीचं नाक खाली झालं तसं त्यांनी दारावरचं आधाराचं कडं धरलं. बोटांनी नाही, मनगट आत अडकवून धरलं. मी ते पाहिलं, आणि दोन्ही हातांनी धरलेला कप, शर्टाची बटणं, होजवरून परत फिरवलेला अंगठा, सगळं एकदम माझ्यासमोर येऊन बसलं.

"हाताला कळत नाही गं आता," ते समोर बघतच म्हणाले. "किती आवळलं ते. वर्ष होत आलं. आईला माहीत आहे. त्या दिवशी पक्कड बसली की नाही समजेना, म्हणून आणखी पिळली. आणि कापड घालायचं राहिलं."

"मग सांगायचं ना बाबा."

"काय सांगू? उस्तादाला हात नाही?"

वळण जवळ आलं होतं. दरडीवरचे निळे ओरखडे दिसायला लागले. माझा पाय ब्रेकच्या वर होता आणि खाली येत नव्हता. हळूच दाबावा असं वाटत होतं, पोतं ठेवून दाबला होता तसा.

"हळू नको," बाबा म्हणाले. "टाक तुझा जड पाय."

मी टाकला, सगळा. गाडीचं नाक खाली वाकलं, मुरूम उडाला आणि आम्ही थांबलो, सरळ, उताराच्या मधोमध. आरशात मागे दोन चर दिसत होते, डावा आणि उजवा, सारखे.

बाबांनीही आरशात पाहिलं. मग मनगट कड्यातून सोडवलं. त्यांना खाली उतरून ते चर जवळून बघायचे असणार, त्यांची जुनी सवय आहे. पट्ट्याच्या बकलावर त्यांची बोटं थोडा वेळ चाचपडली. मी दुसरीकडे बघत राहिले, न बघण्याचे कष्ट घेत.

"चिमणे," ते शेवटी म्हणाले, "हे काढून दे. मला निघत नाही."

मी वाकून त्यांच्या पट्ट्याचं बकल सोडवलं.